खुर्चीची खोळ आटली, नुकसान कोणाचे?

ईदच्या आधीचे पंधरा दिवस शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा मिळत नसे, ही गोष्ट आता आमच्या वयाच्या माणसांनीच सांगायची राहिली आहे. तयार कपड्यांनी शर्ट-पँटचे काम नेले. उरले ते नव्या पँटची लांबी कमी करणे, चेन बदलणे आणि शाळेचे गणवेश. आमचे दुकान कापडाचे आहे. शिंप्याचे काम कमी झाले की आमचेही ताके कपाटातच राहतात. तेव्हा या विषयावर आम्ही लिहितो ते केवळ परोपकार म्हणून नव्हे, हे आधीच कबूल केलेले बरे.

आमचे म्हणणे असे की, एक काम अजून शिल्लक आहे जे कारखान्याला नीट साधलेले नाही. बैठकीच्या खोलीतली हातांची गादीची खुर्ची असते, सोफासेटच्या दुकानात जिला 'सिंगल सीटर' म्हणतात, तिला अंगाबरोबर बसणारी कापडी खोळ शिवण्याचे हे काम. उर्दू शाळेत आम्ही याला गिलाफ म्हणायला शिकलो. दुकानात बसायला लागल्यावर कळले की मराठी गिऱ्हाईक उशीच्या गिलाफाला अभ्रा म्हणते, गादीच्या गिलाफाला खोळ आणि तंबोऱ्याच्या गिलाफाला गवसणी. सोफ्याच्या गिलाफाला मात्र सगळेच 'कव्हर' म्हणतात. आम्ही येथे खोळ म्हणू.

हे काम आपल्या शिंप्यांना जमेल काय, असा प्रश्न आम्हास कोणी विचारला तर उत्तर होय असे आहे. पण ते टिकेल काय, असे विचारले तर उत्तर आमच्यासारख्या कापडवाल्यांकडे बोट दाखवते. का, ते सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई, दुकानात आल्या. घरी सागवानी सांगाड्याच्या दोन खुर्च्या, वडिलांच्या वेळच्या, गादीचे कापड विटलेले. नव्याने मढवून घेण्याचा खर्च त्यांना परवडत नव्हता आणि धुता येईल अशी खोळ हवी होती. आम्ही त्यांना जाड सुती कापड दाखवले, रंग मातकट, पन्हा चोपन्न इंच. बाईंना पसंत पडले. चौदा मीटर कापून दिले आणि शेजारच्या गल्लीतल्या मास्टरांचे नाव सुचवले. मास्टर शेरवानी शिवणारे, हात असा की टीप आरशासारखी सरळ. त्यांनी दोन्ही खोळी शिवून घातल्या तेव्हा बाईंनी आम्हास घरी बोलावून दाखवल्या. खुर्चीची चामडी असावी तशी खोळ बसली होती.

पहिल्या धुण्यात ती आटली. हाताच्या पुढच्या गोलाईवर कापड चढेना, ओढून चढवले तर पाठीच्या कोपऱ्यावरची टीप उसवली, आणि खालची कड जमिनीपासून दीड इंच वर गेली. बाई अर्थातच मास्टरांकडे गेल्या, कारण गिऱ्हाईक नेहमी ज्याने शिवले त्याच्याकडेच जाते, ज्याने विकले त्याच्याकडे नाही. मास्टरांनी एक शब्द न बोलता खोळी ठेवून घेतल्या आणि संध्याकाळी आमच्या गल्ल्यासमोर येऊन उभे राहिले.

"सेठ, कापड आटणारे होते?"

आम्ही म्हणालो, "सुती आहे मास्टर, थोडेबहुत आटतेच."

"तुम्हाला माहीत होते?"

आता यावर काय सांगावे? आम्हास माहीत होते. त्याच ताक्यातले कापड पडद्यासाठी नेलेल्या एका गिऱ्हाईकाने महिनाभर आधी तक्रार केली होती. पडदा चार बोटे आखूड झाला तर लोक कड उसवून लांब करतात आणि विसरतात, म्हणून आम्हीही विसरलो. मास्टरांना आम्ही नवे कापड खरेदीच्या भावात दिले आणि आपण मोठेपणा केला असे त्या रात्री समजत होतो. वस्तुतः त्यांनी चार दिवसांची मजुरी घालवली, वर कापडाचे पैसेही भरले, आणि बाईंकडून एक पैसा घेतला नाही. पुढे त्यांनी खुर्चीचे काम घेणे सोडून दिले. मुलगा आता एका मोठ्या दुकानात तयार कपडे घडी करून ठेवण्याच्या नोकरीला आहे. याचे कारण एकटी ती खोळ नाही, हे आम्ही जाणतो. पण आमचा त्यात वाटा नव्हता असेही म्हणवत नाही.

कापड आटते का, हे आपल्या व्यापारी बंधूंना सांगण्याची गरज नसावी. तरीही कारागीर वाचकांसाठी दोन शब्द. मागावर ताणा ओढून धरलेला असतो. पुढे धुलाई, रंगाई आणि वाळवणीतही कापड लांबीकडे खेचले जाते. काही प्रोसेसवाले तर मीटर वाढावेत म्हणून मुद्दाम ताणतात. शंभर मीटर आत गेले आणि एकशे तीन बाहेर आले तर वरचे तीन मीटर हवेतून आलेले नसतात. पाणी लागले की सूत सैल पडून आपल्या मूळ जागी जाते. म्हणून आटते ते बहुधा ताण्याच्या बाजूने जास्त, बाण्याच्या बाजूने कमी. अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट याने १९३० च्या सुमारास कापड आधीच यंत्राने दाबून आटवून घेण्याची रीत काढली, तिलाच पुढे सॅन्फोराइज म्हणू लागले. आमच्या वडिलांच्या वेळी गिरणीच्या चांगल्या कापडाच्या काठावर तसा शिक्का असे आणि गिऱ्हाईक शिक्का बघून कापड घेई. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून थंड पडल्या, यंत्रमागाचे कापड वाढले आणि काठावरचा शिक्काही दिसेनासा होत गेला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागवाल्यांना आम्ही दोष देत नाही. माग कापड विणतो, ते आटवून देण्याचे काम पुढच्याचे. पण त्या पुढच्याने ते केले की नाही, हे आम्ही विचारत नाही आणि गिऱ्हाईकाला सांगत नाही.

शर्टाच्या कापडात हे झाकून जाते. शर्ट अंगावर सैल असतो, आणि एखादा इंच कमी झाला तरी माणूस पोट आत घेतो. खुर्ची पोट आत घेत नाही. हिशेब करून पाहा. पाठीची उंची तीस इंच असेल आणि कापड शंभरात चार आटले, तर एक इंचापेक्षा जास्त गेले. अंगाबरोबर शिवलेल्या खोळीत एवढी सैल जागा कुठेच नसते. म्हणजे जे कापड शर्टाला चालते, पडद्याला चालते, ते खुर्चीला चालेलच असे नाही, आणि हे शिंप्याला आधी समजले पाहिजे, नंतर नव्हे.

परीक्षा सोपी आहे. कापडाचा थोडा मोठा तुकडा घ्यावा, त्यावर पन्नास सेंटीमीटर लांब-रुंद चौकोन पक्क्या रंगाच्या दोऱ्याने टाके घालून आखावा, ताणा कोणत्या बाजूने आहे त्याची खूण करावी. घरात जशी धुतात तशा कोमट पाण्यात धुवून वाळवावा, इस्त्री करावी आणि पुन्हा मापावा. अर्धा सेंटीमीटर कमी झाला तर शंभरात एक आटले. दोन सेंटीमीटर गेला तर चार. यासाठी ना प्रयोगशाळा लागते ना खर्च. एक टेप, एक बादली आणि एक दिवस.

एवढे केल्यावर दोन वाटा राहतात. सगळे कापड आधी पाण्यातून काढून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मग कापायला घ्यावे. आमच्या मते हीच वाट बरी. किंवा खोळ कधीच धुवायची नाही, कोरडी धुलाईच करायची, असे गिऱ्हाईकाकडून कबूल करून घ्यावे. पण खोळ धुवायची नसेल तर ती शिववून घेण्यात अर्थ तो काय उरला? एक गोष्ट मात्र अनुभवी कारागीरही विसरतात. गोटात घालायची जी सुती डोरी असते तीही आटते. कापड धुवून घेतले आणि डोरी कोरीच घातली, तर पहिल्या धुण्यात सगळ्या शिवणी चुण्या पडून तोंड वाकडे करतात. डोरी आधी उकळत्या पाण्यातून काढावी.

आता कापड किती लागेल याविषयी. येथेही आम्ही व्यापारी आणि शिंपी मिळून गिऱ्हाईकाला अंदाजावर सोडतो. 'सहा-सात मीटर लागेल बघा' असे आम्ही म्हणतो, आणि कमी पडले तर तोच रंग पुढच्या ताक्यात मिळत नाही. मधल्या मापाच्या खुर्चीचा हिशेब नमुन्यादाखल देतो, पन्हा चोपन्न इंच धरून. पाठीचा आतला भाग, खोचण आणि माया धरून अडतीस इंच. पाठीचा बाहेरचा भाग पस्तीस. बैठक, पुढच्या कडेपर्यंत उतरवून, चाळीस. दोन हातांचे आतले भाग सव्वीस-सव्वीस, म्हणजे बावन्न. बाहेरचे भाग अठरा-अठरा, म्हणजे छत्तीस. सुट्या गादीचे वरचे आणि खालचे तुकडे पन्ह्यात शेजारी-शेजारी बसतात, त्याचे पंचवीस. बेरीज दोनशे सव्वीस इंच, म्हणजे पावणेसहा मीटरला थोडे कमी. हातांची तोंडे, गादीची कड आणि गोटाच्या पट्ट्या पाठीच्या व बैठकीच्या बाजूला जे अठरा-वीस इंच उरतात त्यातून निघतात, मात्र कापताना डोके चालवावे लागते. खाली झालर हवी असेल तर नऊ इंची चार पट्ट्या, छत्तीस इंच आणखी. झाले साडेसहाच्या वर. आटण्याचा वाटा धरला की सात मीटर. मोठे फूल किंवा चौकड असेल तर प्रत्येक मोठ्या तुकड्यावर फूल मधोमध यायला हवे, त्यासाठी मीटर-दीड मीटर जास्त धरावे. रुवांचे कापड, मखमलीसारखे, सगळे एकाच दिशेने कापावे लागते. एक हात उलटा कापला गेला तर उजेडात दोन रंग दिसतात.

बाईंच्या खुर्च्यांना आम्ही चौदा मीटर दिले होते. म्हणजे कापडाचा हिशेब आमचा बरोबर होता. न सांगितलेली गोष्ट तेवढी चुकली.

मास्टरांनी ती पहिली खोळ कशी शिवली ते आम्ही बाईंच्या घरी बसून पाहिले होते, कारण त्यांना कापड धरायला माणूस हवा होता. त्यांनी टेपने मापे घेतली ती फक्त कापड तोडण्यासाठी. खरे बेतणे खुर्चीवरच. खुर्चीच्या पाठीवर, बैठकीवर खडूने मधली रेघ ओढली. मग तुकडे उलट्या बाजूने खुर्चीवर टाकून, प्रत्येक तुकड्याची मधली घडी त्या रेघेवर ठेवून टाचण्या लावत गेले. ताणा उभा, जमिनीशी काटकोनात. हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. कापड तिरके बसले की महिनाभरात लोंबते. आधी आतली पाठ, मग बैठक, मग हातांचे आतले भाग, शेवटी बाहेरची बाजू. टाचण्या लागल्यावर खडूने शिवणीची रेघ मारली आणि पाऊण इंच माया ठेवून बाकी कापड छाटून टाकले. गोलाईवर दर अर्ध्या इंचाला खाच दिली. मग सगळे काढून मशीनवर नेले.

उलट्या बाजूने टाचण्यात एक फसवणूक आहे. खुर्चीचे दोन्ही हात सारखे असतील तर काही बिघडत नाही. पण जुन्या खुर्चीचा एक हात दबलेला असतो, बहुधा उजवा, कारण माणूस त्या बाजूला रेलतो. खोळ सुलट केली की डावे उजवीकडे जाते आणि दबलेल्या हाताचे माप चांगल्या हातावर येते. मास्टरांनी आधी दोन्ही हात मापून पाहिले होते. सारखे नसतील तर सुलट बाजू वर ठेवून टाचावे आणि मग शिवणी उलटवाव्यात. वेळ जास्त लागतो, पण दुसरा इलाज नाही.

खोचण हा या कामाचा जीव आहे असे आमचे मत आहे. बैठक आणि पाठ जिथे मिळतात, बैठक आणि हात जिथे मिळतात, तिथे पाच-सहा इंच कापड आत खोचायला ठेवावे लागते. माणूस बसला की गादी खाली जाते आणि कापड ओढले जाते. ओढायला कापड नसेल तर शिवण फाटते. नवा शिंपी येथेच कापड वाचवतो, कारण खोचलेले कापड दिसत नाही. कापड वाचवले म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि चार महिन्यांनी तेच गिऱ्हाईक सगळ्या मोहल्ल्यात सांगत फिरते की अमुक मास्टरची टीप कच्ची. टीप पक्कीच असते. खोचलेले कापड वर येऊ नये म्हणून फटीत जुन्या वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी दाबून बसवतात. फोमची कांडीही चालते.

गोटाची पट्टी उरेब कापावी, म्हणजे पंचेचाळीस अंशात तिरकी. सरळ पट्टी गोलाईवर वळत नाही. उघड-मिट करायची चेन पाठीच्या मधोमध नको, मागच्या एका कोपऱ्यावर उभी लावावी. तिथे ती गोटाखाली लपते आणि खोळ चढवायलाही सोपे जाते. सुई सोळा नंबरची, कापड फार जाड असेल तर अठरा. दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा घासला जाऊन लवकर तुटतो. घरातली काळी पायमशीन हे काम करते का? करते. जिथे गोटासकट चार-पाच थर येतात तिथे पाय थांबवून चाक हाताने फिरवावे. पायाने रेटल्यास सुई मोडते, मग मशीनला शिव्या देण्यात काही हशील नाही.

ज्यांनी हे काम कधी केले नाही त्यांनी पहिली खोळ मांजरपाटाची बेतावी. मांजरपाट स्वस्त असते. त्यावर चुकावे, खाडाखोड करावी, आणि तेच तुकडे उसवून पुढे नमुना म्हणून वापरावेत. सोफासेटमध्ये बहुधा दोन खुर्च्या जोडीच्या असतात, म्हणजे नमुना दुसऱ्यांदा लगेच कामी येतो. दुसरी खुर्ची पहिलीच्या निम्म्या वेळात होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आता कोणी म्हणेल, सेठ, तुम्ही कोणत्या जमान्यात राहता? लवचिक कापडाच्या तयार खोळी घरबसल्या मिळतात, काही शे रुपयांत, खुर्चीवर ओढल्या की झाले. हे खरे आहे आणि त्या खोळींना आम्ही नावे ठेवणार नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला, दर दोन वर्षांनी सामान हलवणाऱ्याला, लहान मुलांच्या घराला ती खोळ योग्यच आहे. पॉलिस्टर असल्यामुळे ती आटतही नाही म्हणा ना. पण सागवानी हातांची, चौकोनी पाठीची, बैठक रुंद असलेली जी खुर्ची आपल्याकडे घरोघर आहे, तिच्यावर ती तंबूसारखी ताणली जाते, बैठकीवर वर येते आणि बसणारा दर वेळी उठून ती खाली ओढतो. शिवाय आपल्या उन्हाळ्यात पॉलिस्टरवर पाठ टेकवणाऱ्याला विचारा. गिऱ्हाईकाला सुती हवे असते, धुता येणारे हवे असते, आपल्या पडद्याच्या रंगाचे हवे असते. सगळ्यांना नाही, पण जेवढ्यांना हवे असते तेवढे गिऱ्हाईक एका पेठेतल्या दोन-चार कारागिरांना पुरते. त्याहून मोठे स्वप्न आम्ही दाखवत नाही.

मजुरीविषयी शिंप्यांशी आमचे भांडण आहे. ते खुर्चीची मजुरी शर्टाच्या हिशेबाने सांगतात. एका खोळीला चार शर्टांचा वेळ लागतो म्हणून चार शर्टांची मजुरी. हा हिशेब खोटा आहे. शर्टासाठी गिऱ्हाईक दुकानात येते. खुर्चीसाठी शिंपी घरी जातो, एकदा मापायला, एकदा टाचायला, एकदा चढवायला. त्या तीन फेऱ्यांचे पैसे कोण देणार? पहिली फेरी मापाची असेल तर तिचे पैसे तेव्हाच घ्यावेत आणि काम मिळाले तर मजुरीत वळते करावेत. प्लंबर आणि फ्रिजवाला तपासायला आल्याचे पैसे घेतो, लोक देतात. शिंप्यानेच काय पाप केले? संकोच हा या धंद्याचा शत्रू आहे. आमच्या पाहण्यात घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनी या बाबतीत पुरुषांपेक्षा सरस आहेत. घरात जाऊन माप घेणे त्यांना सोपे जाते, गृहिणी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलते, आणि पैशाचे बोलणे त्या दारातच उरकून घेतात.

पण मूळ मुद्दा कापडवाल्याचा. आमचे स्पष्ट मत आहे की, घरसजावटीचे सुती कापड विकताना ते किती आटते हे विकणाऱ्याने बिलावर लिहून द्यावे. पानिपतहून, करूरहून, कन्नूरहून माल येवो की आपल्या जवळच्या यंत्रमागाचा असो, आपल्या दुकानात आल्यावर एक तुकडा धुवून पाहणे हे आपले काम आहे. धुवून पाहिला नसेल तर 'पाहिला नाही, आधी धुवून घ्या' एवढे तरी लिहावे. आणि लिहून दिल्यापेक्षा जास्त आटले, तर कापड दुकानदाराने बदलून द्यावे आणि मजुरीचा निम्मा भारही उचलावा. यावर आमच्या बाजारातले काही मित्र नाराज आहेत. त्यांचा सवाल असा की, गिऱ्हाईकाने उकळत्या पाण्यात धुतले तर आम्ही का भरावे? सवाल रास्त आहे. म्हणूनच कोमट पाण्यात धुतल्याचा आकडा लिहावा, आणि पाणी कोमट असेही लिहावे. दुसरा सवाल असा की, मागचा व्यापारी आमचे नुकसान भरून देत नाही, मग आम्हीच का भरायचे? याचे आमच्याजवळ चांगले उत्तर नाही. एवढेच म्हणू की मास्टरांना हा सवाल विचारायलाही कोणी मागे नव्हते. त्यांच्या मागे आम्ही होतो, आणि आम्ही खरेदीच्या भावाचा मोठेपणा घेऊन बसलो होतो.

माप कमी देणे हे वाईट, हे कोणाला सांगावे लागत नाही. चौदा मीटर मोजून द्यायचे आणि ते धुतल्यावर साडेतेरा होणार हे जाणून गप्प बसायचे, याला काय म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. टेप आम्ही बरोबर लावला होता, ही सबब आम्ही स्वतःला बरीच वर्षे सांगितली.

गेली तीन वर्षे आमच्या दुकानाच्या मागच्या अंगणात एक बादली आहे. नवा ताका आला की दोन चौकोन कापतो, एक धुतो, एक कोरा ठेवतो, दोन्ही एका पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी टाचतो आणि खाली आकडा लिहितो. सुरुवातीला दुकानातला पोरगा हसायचा. गिऱ्हाईक पुठ्ठा पाहून दोनदा विचार करते आणि कधी कधी न घेता जाते, हेही लपवत नाही. जे शंभरात सहा आटते ते कापड आम्ही खोळीसाठी देत नाही, पिशव्यांना देतो.

मास्टर अजून त्याच गल्लीत बसतात, पँटच्या कडा घालतात. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाईकाला दोन खुर्च्यांच्या खोळी हव्या होत्या, तेव्हा आम्ही पोरग्याला पाठवून त्यांना बोलावून घेतले. आले, खुर्चीविषयी काही बोलले नाहीत. काउंटरवर कापड उलगडलेले होते, त्याला हात लावला नाही. आधी पुठ्ठा मागितला. खिशातून स्वतःचा टेप काढला, धुतलेला तुकडा दोन्ही बाजूंनी मापला, मग कोरा मापला, आणि आम्ही लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहिले. आकडा जुळला. मग म्हणाले, "सेठ, डोरी पण धुऊन ठेवा. बुधवारी नेतो."